फुकटची वीज? आधी मोजून पाहू : ऊर्जायंत्रांचे दावे आणि स्वतंत्र पडताळणी



गेल्या काही वर्षांत मंडळाच्या सभासदांकडून एक प्रश्न वारंवार येतो. भारतातून मामांचा, काकांचा किंवा एखाद्या जुन्या शेजाऱ्यांचा फोन येतो : "अरे, जर्मनीत एका कंपनीने इंधनाशिवाय चालणारा जनरेटर काढलाय म्हणे. तू तिथेच आहेस, जरा चौकशी करून सांग. दोन-पाच लाख गुंतवावे म्हणतो." कधी मोटार चुंबकावर चालणारी असते, कधी पाण्यावर, तर कधी 'अवकाशातील ऊर्जे'वर. सोबत चित्रफीत असते, एखादे प्रमाणपत्र असते आणि 'जर्मन टेक्नॉलॉजी' हे शब्द तर असतातच.

गुंतवायचे पैसे बहुतेक वेळा निवृत्तीचे असतात. प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, कधी जमिनीचा तुकडा विकून आलेली रक्कम. त्यामुळे "सगळे थोतांड आहे" असे म्हणून फोन ठेवता येत नाही आणि "बघतो" म्हणून विषय टाळताही येत नाही. आमच्यापैकी बरेच जण इंजिनियर आहेत, म्हणूनच हा प्रश्न आमच्याकडे येतो. असे दावे कसे तपासावेत आणि घरच्यांना काय सांगावे, याची माहिती एका जागी असावी म्हणून हा लेख.

१. कासेलचे चाक

कासेलचा बर्गपार्क विल्हेल्म्सह्योहे आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. १ मे ते ३ ऑक्टोबर या काळात बुधवारी आणि रविवारी दुपारी अडीच वाजता हर्क्युलिसच्या पायथ्याशी पाणी सोडतात. ते पायऱ्यांवरून, धबधब्यांतून खाली येते आणि शेवटी सुमारे ५० मीटर उंच कारंजे उडते. यात कुठेही पंप नाही. डोंगरावरच्या तलावांत साठलेले पाणी केवळ उंचीमुळे वाहते. तलाव रिकामा झाला की कारंजे थांबते.

ही जलरचना सुरू करणारा हेसेन-कासेलचा राजा कार्ल हौशी आणि विज्ञानप्रेमी होता. वाफेच्या यंत्राचा एक आद्य संशोधक देनी पापँ याला त्यानेच आश्रय दिला होता. याच कार्लच्या दरबारी योहान बेस्लर नावाचा एक कारागीर आला. तो स्वतःला 'ऑर्फिरेउस' म्हणवून घेई. आपण स्वतःहून कायम फिरणारे चाक बनवले आहे, असा त्याचा दावा होता. गेरा, ड्राशवित्स आणि मेर्सेबुर्ग येथे त्याने अशी चाके दाखवली होती. खुद्द लाइबनित्सने त्याचे एक चाक पाहिले होते आणि तो प्रभावितही झाला होता.

१७१७ मध्ये, म्हणजे डोंगरावर हर्क्युलिसचा पुतळा उभा राहिला त्याच वर्षी, बेस्लरने त्याच डोंगरावरच्या वाइसेनश्टाइन वाड्यात सुमारे साडेतीन मीटर व्यासाचे चाक बसवले. १२ नोव्हेंबर १७१७ रोजी चाक फिरते ठेवून खोलीला मोहोर लावण्यात आली. दोन आठवड्यांनी दार उघडले तेव्हा चाक फिरत होते. पुन्हा मोहोर लावली. ४ जानेवारी १७१८ रोजी उघडले, तरीही चाक फिरतच होते!

चाकाचा आतला भाग मेणकापडाने झाकलेला असे. मोठी रक्कम हातात पडल्याशिवाय आत पाहू देणार नाही, ही बेस्लरची अट होती. राजाला मात्र त्याने आतली रचना दाखवली होती. १७२१ मध्ये लायडन विद्यापीठाचा प्राध्यापक स्ख्राव्हेसांडे याने बाहेरून आस तपासला. त्याला काही लबाडी आढळली नाही आणि त्याने न्यूटनला तसे कळवले. पण आपले गुपित फुकटात काढून घेतले जात आहे, असे म्हणून बेस्लरने स्वतःच चाक फोडून टाकले. पुढे १७२७ मध्ये त्याच्या मोलकरणीने जबानी दिली की शेजारच्या खोलीतून माणसे हाताने चाक फिरवत असत. स्ख्राव्हेसांडेचा त्या जबानीवर विश्वास बसला नाही. बेस्लर १७४५ मध्ये एका पवनचक्कीच्या बांधकामावरून पडून मरण पावला.

चाक नक्की कसे फिरत होते याबद्दल आजही वाद घालणारे लोक आहेत. आपल्यासाठी त्यातले दोन मुद्दे महत्त्वाचे आहेत.

पहिला : मोहोर खोलीला होती, पण खोली, वाडा आणि वेळ यांची निवड यंत्राच्या मालकाशी बांधलेली होती. चाक दुसऱ्या गावी, दुसऱ्या लोकांच्या ताब्यात, मालक हजर नसताना कधीच चालवले गेले नाही. अशा परीक्षेला 'स्वतंत्र' म्हणता येत नाही.

दुसरा : लबाडी नक्की कशी झाली हे शोधून काढणे ही परीक्षकाची जबाबदारी नाही. जादूगाराची युक्ती ओळखता आली नाही म्हणून जादू खरी ठरत नाही. दावा सिद्ध करण्याचे ओझे दावा करणाऱ्यावर असते.

२. भास्कराचार्यांचे चक्र आणि ऊर्जेचा हिशोब

कायम फिरणाऱ्या चाकाची कल्पना आपल्याकडेही जुनी आहे. ११५० च्या सुमारास लिहिलेल्या 'सिद्धान्तशिरोमणि' ग्रंथात भास्कराचार्यांनी पोकळ आऱ्यांत पारा भरलेल्या, स्वतःहून फिरणाऱ्या चक्राचे वर्णन केले आहे. चाळीसगावजवळ पाटण येथे भास्कराचार्यांच्या घराण्याचा शिलालेख आहे, त्यामुळे मराठी माणसाला या नावाबद्दल विशेष आपुलकी. या वर्णनाचा आधार घेऊन "आपल्या पूर्वजांकडे फुकट ऊर्जेचे यंत्र होते" असे निरोप फिरतात. भास्कराचार्यांचे गणित आणि खगोलशास्त्र फार मोठे आहे, त्याला अशा आधाराची गरज नाही. पाऱ्याचे चक्र बनवून पाहिले तर ते थोडे हलते आणि स्थिर होते. एका बाजूला पारा आसापासून लांब जातो हे खरे, पण दुसऱ्या बाजूला त्याच वेळी जास्त आरे येतात आणि तोल साधला जातो.

असे का होते याचे उत्तर पुढे जर्मनीतच मिळाले. हाइलब्रॉनचे डॉक्टर रॉबर्ट मायर यांनी १८४२ मध्ये आणि हेर्मान फॉन हेल्महोल्त्स यांनी १८४७ मध्ये ऊर्जेच्या अक्षय्यतेचे तत्त्व मांडले. ऊर्जा निर्माण होत नाही आणि नष्टही होत नाही, तिचे फक्त रूप बदलते. त्याआधीच, १७७५ मध्ये, पॅरिसच्या विज्ञान अकादमीने कायम चालणाऱ्या यंत्रांचे प्रस्ताव तपासणे बंद केले होते. अनेक कुटुंबे अशा यंत्रांपायी धुळीला मिळाली, हे त्यामागचे एक कारण अकादमीने दिले होते. म्हणजे अडीचशे वर्षांपूर्वीही प्रश्न विज्ञानाइतकाच घरच्या पैशांचा होता.

३. मोठे नाव म्हणजे पुरावा नव्हे

काही वेळा दावा करणारे लबाड नसतात, प्रामाणिक आणि विद्वान असतात. २३ मार्च १९८९ रोजी अमेरिकेतील युटा विद्यापीठात फ्लाइशमान आणि पॉन्स यांनी 'शीत संमीलन' जाहीर केले : टेबलावरच्या काचपात्रात, साध्या तापमानाला अणुसंमीलन! मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात तत्कालीन संचालक डॉ. पी. के. अय्यंगार यांच्या पुढाकाराने अनेक गट लगेच कामाला लागले. न्यूट्रॉन आणि ट्रिटियम मिळाल्याचे अहवाल त्यांनी त्याच वर्षी दिले. पण परिणाम हवा तेव्हा, हव्या त्या प्रयोगशाळेत पुन्हा मिळेना आणि काही वर्षांत ते काम थंडावले. पुढे गूगलने पैसे पुरवलेल्या सुमारे ३० संशोधकांच्या गटाने काही वर्षे काळजीपूर्वक प्रयोग केले. २०१९ मध्ये 'नेचर'मध्ये त्यांनी लिहिले की शीत संमीलनाचा पुरावा मिळाला नाही. ट्रॉम्बेसारख्या संस्थेचे नाव असले तरी प्रयोग दुसऱ्यांकडे पुन्हा व्हावा लागतो, हा त्यातला धडा.

दुसरा नमुना जाहिरातींचा. ऑगस्ट २००६ मध्ये आयर्लंडच्या स्टिऑर्न कंपनीने 'इकॉनॉमिस्ट'मध्ये जाहिरात देऊन आपल्या चुंबकी यंत्राची परीक्षा घेण्यासाठी शास्त्रज्ञांना आव्हान दिले. जुलै २००७ मध्ये लंडनला ठेवलेले प्रात्यक्षिक तांत्रिक बिघाडाचे कारण सांगून रद्द झाले. कंपनीने स्वतः बोलावलेल्या २२ परीक्षकांनी जून २००९ मध्ये एकमताने निकाल दिला : ऊर्जा निर्माण होत असल्याचे कंपनीने दाखवलेले नाही. गुंतवणूकदारांचे पैसे तोवर आत गेले होते.

तिसरा आपल्या देशातला. १९९६ मध्ये तामिळनाडूच्या रामर पिल्लै यांनी वनस्पती आणि पाण्यापासून पेट्रोल बनवल्याचा दावा केला आणि देशभर गाजावाजा झाला. शास्त्रज्ञांच्या कडक देखरेखीखाली मात्र पेट्रोल तयार झाले नाही. तरीही पुढे 'हर्बल इंधन' विकले गेले. अखेर २०१६ मध्ये चेन्नईच्या न्यायालयाने त्यांना दोषी ठरवून ३ वर्षांची शिक्षा सुनावली. पहिल्या बातमीपासून निकालापर्यंत २० वर्षे गेली. फसलेल्यांना न्यायालय वाचवेल, या भरवशावर पैसे गुंतवू नयेत ते यासाठीच.

४. खरी परीक्षा कशी असते?

पुन्हा कासेललाच जाऊ. १९९० मध्ये जर्मनीतील जीडब्ल्यूयूपी या चिकित्सक संघटनेने जेम्स रँडी यांच्यासोबत तेथे ३० पाणाड्यांची परीक्षा घेतली. आपल्याकडे हातात नारळ किंवा कडुनिंबाची फांदी धरतात, इकडे तारेची किंवा लाकडाची काटकी. जमिनीखाली ५० सेंटीमीटरवर प्लॅस्टिकचा पाइप पुरला होता. त्यातून या क्षणी पाणी वाहते आहे की नाही, एवढेच सांगायचे होते. पाण्याचा नळ कधी उघडायचा हे चिठ्ठीसारख्या पद्धतीने ठरे. अटी सर्वांना आधी दाखवून त्यांची संमती घेतली होती आणि बहुतेकांना यशाची खात्री होती. निकाल नाणेफेकीइतकाच आला.

महाराष्ट्रात याच धर्तीची परीक्षा २००८ मध्ये झाली. डॉ. जयंत नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि सहकाऱ्यांनी १०० हुशार आणि १०० गतिमंद मुलांच्या पत्रिका गोळा केल्या आणि प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या ४० दिल्या. उत्तरे पाठवणाऱ्या २७ जणांत सर्वांत चांगला निकाल ४० पैकी २४ होता आणि सरासरी २० च्याही खाली. विषय वेगळा असला तरी पद्धत तीच.

ऊर्जायंत्राच्या परीक्षेसाठी त्यातून हे नियम निघतात :

१) यश म्हणजे काय, हे आधी आकड्यात लिहून दोन्ही बाजूंनी सही करावी.

२) यंत्र परीक्षकाच्या जागेत, परीक्षकाच्या मीटरवर चालावे. मालक खोलीबाहेर.

३) आत जाणारी आणि बाहेर येणारी ऊर्जा, दोन्ही मोजाव्यात. विजेचा प्रवाह वेडावाकडा असेल तर साधा मल्टिमीटर चुकीचे आकडे दाखवतो. असे बरेच 'चमत्कार' मीटर बदलला की नाहीसे होतात.

४) यंत्र तीनपट वीज देते ना? मग त्यातली एक पट परत त्यालाच द्या आणि प्लग काढा. दावा खरा असेल तर यंत्र चालू राहून वर दोन पट वीज देईल. हा प्रश्न विचारला की विषय बहुतेक वेळा बदलतो.

५) परीक्षा पुरेशी लांब हवी. एक किलो लिथियम बॅटरीत सुमारे २०० वॉट-तास ऊर्जा मावते, म्हणजे ५ वॉटचा दिवा ४० तास जळेल. एक किलो पेट्रोलमध्ये सुमारे १२ युनिट उष्णता असते. म्हणून १० किलोच्या पेटीने एक किलोवॉट वीज पाच दिवसांपेक्षा बरीच जास्त वेळ दिली, तरच "आत इंधन लपवलेले नाही" असे म्हणता येईल. चित्रफितीतला अर्ध्या तासाचा बल्ब काहीच सिद्ध करत नाही.

६) शेवटी, ज्याचा या धंद्यात एक पैसाही नाही अशा दुसऱ्या गटाने तीच परीक्षा पुन्हा करावी.

५. घरातल्या 'वीज वाचवणाऱ्या' वस्तू

प्लगमध्ये लावायची छोटी पेटी, जी वीजबिल निम्मे करते म्हणतात, तिच्यात बहुधा एक कपॅसिटर आणि एक छोटा दिवा असतो. कपॅसिटरने 'पॉवर फॅक्टर' सुधारतो हे खरे, कारखान्यांना त्याचा उपयोगही होतो. पण घरगुती मीटर फक्त प्रत्यक्ष वापरलेली युनिटे मोजतो आणि ती पेटीमुळे कमी होत नाहीत. ग्राहक संघटना फेरब्राउखरत्सेंट्राले अशा वस्तूंपासून सावध राहायला सांगते.

खात्री करायची असेल तर घरच्या घरी परीक्षा करता येते. पेटी अपारदर्शक डब्याआड ठेवावी. दर आठवड्याला नाणे उडवून ती लावायची की नाही हे घरातल्या एकाने ठरवावे आणि इतरांना सांगू नये. मीटरचे आकडे दुसऱ्याने लिहावेत. दहा-बारा आठवड्यांनी दोन्ही याद्या जुळवाव्यात. एकाच महिन्याच्या बिलावरून निष्कर्ष काढू नये. पाहुणे आले, सुट्टीवर गेलो किंवा थंडी वाढली की बिल तसेही बदलते. मुलांसाठी हा उत्तम सुट्टीतला प्रकल्प आहे.

वस्तू ऑनलाइन मागवली असेल आणि विक्रेता युरोपीय संघातला असेल, तर साधारणपणे १४ दिवसांत कारण न देता खरेदी रद्द करता येते, हेही लक्षात असू द्यावे.

६. प्रमाणपत्रे कशी वाचावीत?

भारतातल्या नातेवाइकांवर सर्वांत जास्त छाप पडते ती शिक्क्यांची. म्हणून हे नीट समजून घेऊ.

सीई : अनेक वस्तूंवर हे चिन्ह उत्पादक स्वतःच्या जबाबदारीवर लावतो. वस्तू युरोपीय नियमांना धरून आहे एवढेच तो जाहीर करतो. दाव्याच्या खरेपणाशी त्याचा संबंध नाही.

जीएस : हे ऐच्छिक चिन्ह आहे. स्वतंत्र संस्थेने वस्तूची सुरक्षितता तपासलेली असते. शॉक लागणार नाही, एवढा त्याचा अर्थ. वीज वाचेल असा नाही.

ट्यूफ : कशाचे प्रमाणपत्र आहे ते वाचावे. ते कंपनीच्या आयएसओ ९००१ व्यवस्थापनाचे असू शकते किंवा एखाद्या सुट्या भागाचे. मोठ्या ट्यूफ संस्थांच्या संकेतस्थळांवर प्रमाणपत्राचा क्रमांक तपासता येतो.

पेटंट : क्रमांकाच्या शेवटची अक्षरे पाहावीत. जर्मन दस्तऐवजावर 'ए१' असेल तर तो केवळ प्रसिद्ध झालेला अर्ज आहे. अर्ज साधारण १८ महिन्यांनी आपोआप प्रसिद्ध होतो. 'यू१' म्हणजे गेब्राउख्समुस्टर, ज्याची नोंद नावीन्याची तपासणी न करता होते. 'बी३' किंवा 'बी४' असेल तर पेटंट मंजूर झालेले आहे. "पेटंट आहे" म्हणून येणारे बरेच कागद पहिल्या दोन प्रकारांतले निघतात.

७. पैसे देण्याआधी

जर्मन कंपनीचे नाव कळले की आपण इथे बसून अर्ध्या तासात पुढील गोष्टी पाहू शकतो.

हांडेल्सरेगिस्टर : ऑगस्ट २०२२ पासून ही नोंदवही ऑनलाइन विनामूल्य पाहता येते. कंपनी खरोखर आहे का, किती जुनी आहे, संचालक किती वेळा बदलले, हे कळते. जीएमबीएचसाठी किमान २५,००० युरो भांडवल लागते, 'यूजी' मात्र एका युरोतही निघते.

बाफिन : लोकांकडून ठेवी घेण्यासाठी किंवा वित्तीय सेवा देण्यासाठी परवाना लागतो. तो आहे का हे बाफिनच्या कंपनी-यादीत दिसते आणि संशयास्पद कंपन्यांबद्दलचे इशारेही तेथेच असतात. बाफिनने माहितीपत्रक मंजूर केले याचा अर्थ धंदा चांगला आहे असा नव्हे. ती संस्था माहिती पूर्ण, सुसंगत आणि समजण्याजोगी आहे का एवढेच पाहते.

कराराचा प्रकार : 'नाखरांगडार्लेहेन' हा शब्द दिसला तर थांबावे. कंपनी बुडाली तर अशा कर्जदात्याचा नंबर इतर धनकोंच्या मागे लागतो आणि हातात बहुधा काही येत नाही.

८. विचित्र वाटणारे सगळेच खोटे नसते

एक युनिट वीज घेऊन तीन युनिट उष्णता देणारे यंत्र, हा दावा ऐकून कासेलचे चाकच आठवेल. पण हीट पंप नेमके हेच करतो. जास्तीची उष्णता तो बाहेरच्या हवेतून किंवा जमिनीतून खेचून आणतो, त्यामुळे हिशोब जुळतो. फ्रायबुर्गच्या फ्राउनहोफर संस्थेने जुन्या घरांमध्ये, लोक राहत असताना मोजमाप केले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात हवेवर चालणाऱ्या पंपांची सरासरी ३.१ आणि जमिनीवर चालणाऱ्यांची ४.१ आली. जाहिरातीत छापलेला आकडा बाजूला ठेवून लोकांच्या घरात मीटर लावले गेले आणि दावा टिकला.

म्हणून नव्या गोष्टीला आधीच 'नाही' म्हणणे आमचा हेतू नाही. ऊर्जा येते कुठून, हे सांगता येते का आणि परक्याने मोजली तर आकडा तोच येतो का, एवढेच विचारायचे आहे.

९. घरच्यांशी बोलताना

हा भाग सर्वांत अवघड. मामांना "तुम्हाला फसवतायत" म्हटले की ते दुखावतात आणि पुढच्या वेळी आपल्याला न विचारता पैसे भरतात. "आम्हाला कळत नाही, तूच काय तो जर्मनीवाला" हे वाक्यही ऐकावे लागते. आमच्या अनुभवात असा निरोप उपयोगी पडतो :

"मामा, माहिती पाठवलीत ते बरं केलंत. कंपनीची नोंद आणि पेटंटचा क्रमांक मी इथे तपासतो, मला दोन आठवडे द्या. तोवर काही भरू नका. त्यांना एवढंच विचारा, की तुमचं यंत्र एखाद्या आयआयटीत महिनाभर, तुमचा माणूस जवळ नसताना, चालवून द्याल का? हो म्हणाले तर लेखी घ्या."

यात मामांचा मान राहतो, वेळ मिळतो आणि प्रश्नाचे उत्तर देण्याची जबाबदारी विक्रेत्यावर जाते. "ऑफर उद्या संपते" असे उत्तर आले, तर मामांना स्वतःलाच बरेच काही कळून येते. ओळखीच्या, नात्यातल्या माणसानेच योजना आणली असेल तर त्याच्याशी भांडू नये. बहुतेकदा त्याचेही पैसे त्यात अडकलेले असतात.

मंडळी, आपल्याकडे असा एखादा कागद किंवा करार आला असेल तर सही करण्यापूर्वी मंडळातल्या कोणा जाणकाराला जरूर दाखवा. जर्मन मजकूर वाचून त्याचा अर्थ सांगायला आम्ही आनंदाने मदत करू. लेखात काही भर घालावीशी वाटली तर अवश्य कळवा.